घोडा पोचला, बातमी राहिली

रॉबर्ट ब्राउनिंगची १८४५ सालची एक कविता आहे. रात्रीच्या वेळी तीन स्वार घेंटहून आखेनकडे सुसाट निघतात. दोन घोडे वाटेत कोसळतात, तिसरा पोचतो. शहर वाचवणारी बातमी त्याच्याबरोबर आलेली असते. ती बातमी काय, हे मात्र कवी सांगतच नाही! लोकांनी विचारलं तेव्हा ब्राउनिंगने कबूल केलं, की या प्रसंगाला इतिहासाचा काडीचाही आधार नाही. कविता लिहिली ती जहाजावर. बरेच दिवस समुद्रात काढल्यावर गृहस्थाला घोडदौडीची तल्लफ आली होती.

तल्लफ भागवली ती वृत्ताने. दोन अक्षरं हलकी, तिसरं जड. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्यांना यात सगण दिसेल. असे चार सगण म्हणजे आपला तोटक. इंग्रजीत मात्रांऐवजी आघात मोजतात आणि ब्राउनिंग मधूनच एखादं अक्षर गाळतोही, पण टापा त्याच. १८८९ साली एडिसनच्या फोनोग्राफसमोर त्याला ही कविता म्हणायला लावली. दौड झोकात सुरू झाली आणि काही ओळींतच कवी स्वतःचेच शब्द विसरला. त्याने मागितलेली माफीसुद्धा मुद्रित झाली आहे.

त्याच काळातला कवी टेनिसन याने १८५४ साली क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या चढाईवर लिहिताना ठेका उलटा केला: आधी आघात, मग दोन हलकी अक्षरं. कुणाच्या तरी चुकीने घोडदळ तोफांच्या तोंडी गेलं, हे शब्द लपवत नाहीत. पण ठेका असा, की वाचणाराही रांगेत सामील होतो आणि हुकूम कोणी दिला हे विचारायचं राहून जातं. मला या कवितेची जरा धास्तीच वाटते.

टेनिसनचंच ‘इन मेमोरियम’ (१८५०) मात्र हळू चालतं. मित्र आर्थर हॅलम १८३३ साली गेला, त्याच्यासाठी सतरा वर्षं लिहिलेलं हे काव्य. चार ओळींच्या कडव्यात मधल्या दोघींचं यमक आपसात जुळतं, पहिलीचं थेट चौथीशी. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलेला माणूस ते ओढून बघायला परत यावा, तसा पहिला नाद परततो. शेवटाकडे कवी सावरल्यासारखा बोलतो. यमक ते मान्य करत नाही. १८६१ साली नवरा अल्बर्ट गेल्यावर बायबलखालोखाल याच काव्याने व्हिक्टोरिया राणीला दिलासा दिला, असं तिने स्वतः टेनिसनला सांगितलं. त्यानंतरची ३९ वर्षं, मरेपर्यंत, ती काळ्याच कपड्यांत वावरली.