समुद्र आमना काय कामना?

खान्देशात समुद्राचे नाव निघते ते निवडणुकीच्या सभेत, आणि तेही आरोपी म्हणून. ‘समुद्रात वाहून जाणारे आपल्या हक्काचे पाणी’ एवढे शब्द उच्चारले की चाळीसगावपासून चोपड्यापर्यंत टाळी ठरलेली. भाषण विसरले तरी चालते, हे वाक्य विसरून चालत नाही.

सह्याद्रीतून पश्चिमेला पळणाऱ्या नार आणि पार या नद्यांचे पाणी वळवून गिरणेत आणायच्या योजनेला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. अंदाजे खर्च 7 हजार 15 कोटी. गिरणाकाठच्या माणसाने या योजनेची वाट पाहण्यात आयुष्य घालवले आहे, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्याच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, त्याला खाडीतल्या माशांची थोरवी सांगायला जाणे हा पुण्या-मुंबईच्या सभ्य मंडळींचा छंद. आम्हाला तो परवडत नाही.

पण ज्या समुद्राच्या वाट्याचे पाणी अडवायला सात हजार कोटी काढतो, त्याची प्रकृती तपासायला किती काढतो, एवढे विचारायला काय हरकत आहे?

युनेस्कोच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे देश आपल्या संशोधनावरच्या खर्चातून समुद्राला सरासरी 1.7 टक्के देतात. पृथ्वीचा 70 टक्के भाग पाण्याखाली आहे, हे चौथीच्या पोरालाही ठाऊक असते. अर्थमंत्र्यांची चौथी बहुधा राहून जाते. आपल्याकडे जून 2021 मध्ये खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. पाच वर्षांसाठी 4 हजार 77 कोटी. आकडा ऐकून छाती फुगली असेल तर मुंबईचा सागरी किनारा रस्ता आठवा. साडेदहा किलोमीटरला सुमारे 14 हजार कोटी लागले. म्हणजे अख्ख्या देशाची खोल समुद्र मोहीम त्या रस्त्याच्या तीन किलोमीटरांत आटोपते. वरळीहून निघालात तर मरीन ड्राइव्हच्या बऱ्याच अलीकडे विज्ञान संपते.

त्या मोहिमेतला फोटोजेनिक भाग म्हणजे ‘मत्स्य 6000’. तिघांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी. छानच. समुद्रतळावरचे धातूंचे गोटे वर कसे काढायचे, हेही याच मोहिमेत शिकायचे आहे. जीवसृष्टीचे जतन आणि तळाचे खोदकाम एकाच पाकिटात! मात्र तापीच्या मुखाशी महिन्याच्या महिन्याला जाऊन बाटलीत पाणी भरणारा पोरगा कुठल्याच फोटोत नसतो. त्याची फेलोशिप वेळेवर जमा झाली तर तो मित्रांना चहा पाजतो.

‘ते सारं खरं रे भाऊ, पण समुद्र आमना काय कामना?’

कामाचा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाऱ्यांचा वाढता लहरीपणा आहे. कपाशी वाळते तेव्हा आपण आभाळाकडे बघतो, बुडते तेव्हा तलाठ्याकडे. समुद्राकडे कोणी बघत नाही. दुसरा अभ्यास 2023 चा, त्यात मुंबई आयआयटीचीही मंडळी होती. देशभर मोठे नदीजोड प्रकल्प झाले तर आधीच कोरड्या असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस 12 टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे त्यांचे गणित सांगते. हिशेब साऱ्या देशाचा आहे, एकट्या नार-पारचा नव्हे. तरी कोरडवाहू कपाशीची बोंडे ज्याची सप्टेंबरवर अवलंबून, त्याने तो एकदा वाचायला हवा. सभेत मात्र तो वाचून दाखवू नये. टाळी पडत नाही.

आता आपण समुद्राला काय देतो ते बघा. मुलताईहून निघालेली तापी 724 किलोमीटर चालून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. वाटेत वाघूर, गिरणा, अनेर, पांझरा येऊन मिळतात. त्यांच्याबरोबर रावेर-यावलच्या केळीला पाजलेला जास्तीचा युरिया, धुळ्याचे सांडपाणी, कॅरीबॅगा, आणि श्रावणात कानबाईचे नारळ. त्यातला नारळ तेवढा समुद्राला ओळखीचा. खान्देशातून सुरतेला माणसे जातात त्यांची गणती होते, लिंबायत-उधन्यात मतदार म्हणून तर नक्कीच होते. पाण्यातून जाणाऱ्या मालाची पावती कोण फाडतो?

माणसांची वाण म्हणाल तर मुळीच नाही. 2024 च्या दोन निवडणुकांनंतर देशाचे जलशक्ती खाते सी. आर. पाटलांकडे गेले, जन्म जळगाव जिल्ह्यातला, मतदारसंघ समुद्राकाठचा नवसारी. राज्याचा पाणीपुरवठा गुलाबराव पाटलांकडे. विदर्भ, तापी आणि कोकणातले जलसंपदा खाते गिरीश महाजनांकडे. नळ, धरण, नदी, सगळे जळगावच्या घरातच. एवढे गोडे पाणी देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या नशिबी आले नसेल. खारे तेवढे कोणी मागितले नाही.

पैशाचीही वाट कायद्याने काढून ठेवली आहे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायचे असतात, आणि सरकारी विद्यापीठांतले, राष्ट्रीय प्रयोगशाळांतले संशोधन त्या यादीत बसते. बांभोरीला गिरणेच्या काठी आपले विद्यापीठ आहे, 1990 पासून. हतनूर, बांभोरी, सुलवाडे, प्रकाशा अशा चार ठिकाणी दर महिन्याला पाणी तपासायचे आणि आकडे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेला कळवायचे, एवढ्याला पाणबुडी लागत नाही. एखाद्या कंपनीच्या वर्धापनदिनाच्या मांडवाचे बिल पुरेल. पण दोन टक्क्यांतून शाळेला बाक जातात, बाकावर कंपनीचे नाव जाते. नदीवर नाव कुठे रंगवणार?

एके काळी धुळ्याला हा प्रश्न पडला नव्हता. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. जुन्या दप्तरांनी कपाशीचा भाव वाढेल का, असे विचारत कोणी अडून बसले नाही. आता नमुन्याच्या बाटलीसाठी पैसे मागायला गेलात तर साहेब आधी विचारतील, बॅनर कुठे लावायचा? सांगा त्यांना, सुलवाडे बॅरेजवर. कठडा लांबच लांब आहे.