शिरगणती

माणसे मोजायची हौस दावीद राजाला आली आणि ती सगळ्या देशाला महागात पडली. सेनापती यवाब नऊ महिने वीस दिवस गावोगाव हिंडला, तरी हिशेब जुळला नाही. बायबलातल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात इस्राएलाचे लढवय्ये 8 लाख आणि यहूदाचे 5 लाख. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तेच 11 लाख आणि 4 लाख 70 हजार. लेवी आणि बन्यामीन तर यवाबाने मोजलेच नाहीत, कारण मुळात त्याला हे काम पटलेलेच नव्हते. पुढे मरी आली आणि 70 हजार माणसे गेली. चर्चच्या सभासदांची आणि वर्गणीची नोंद ठेवायला सॉफ्टवेअर घ्यायचा विषय पास्टरेट कमिटीत निघाला, तेव्हा आमच्या खजिनदारकाकांनी ही हकीकत अध्याय-वचनासकट ऐकवली आणि चष्मा पुसत विचारले, "मग? मोजायची का?"

काकांचा खरा आक्षेप वेगळाच होता. मासिक वर्गणी थकली की आमच्याकडे वार्षिक सभेत मत देता येत नाही, कमिटीसाठी उभेही राहता येत नाही. वहीत ही थकबाकी काका पेन्सिलीने लिहितात आणि सभेच्या आदल्या आठवड्यात घरोघर चहा पीत ती मिटवून येतात. सॉफ्टवेअर पेन्सिल वापरत नाही. थकलेले नाव ते लाल करते, वर आपण होऊन मेसेजही पाठवते. हे कळताच कमिटीतले निम्मे सभासद एकदम परंपरावादी झाले. ते निम्मे कोण, हे वही न उघडताही ओळखता आले असते.

मला शाळेचा निकाल एक्सेलमध्ये लावता येतो, म्हणून निवडीचे काम माझ्याकडे आले. रॉक आरएमएस नावाचे सॉफ्टवेअर फुकट निघाले. पण त्याला विंडोजचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो, आणि आम्हाला इन्व्हर्टरमध्ये पाणी घालायलाच माणूस मिळत नाही. प्लॅनिंग सेंटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला लेबल छापून मिळते आणि त्याच कोडची चिठ्ठी दाखवल्याशिवाय पोर कुणाच्या ताब्यात देत नाहीत. अमेरिकेत ठीक आहे. आमच्याकडे पोर कुणाचे हे नाकावरून कळते आणि घरी नेणारी आत्या वर्गाबाहेर नसून वर्गात शिकवत असते. लग्नाची नोंद कुठल्याच सॉफ्टवेअरला झेपणारी नव्हती. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या रजिस्टरातच लागतात, तेव्हा ते जाडजूड रजिस्टर कपाटातून हलणार नव्हतेच.

मग एका कंपनीचा मुलगा व्हिडिओवर प्रात्यक्षिक दाखवायला आला. गोड मुलगा. "सर, तुमचा कुठलाही व्यवहार सांगा, मी टाकून दाखवतो." काकांनी हंगामाच्या सणाचा लिलाव सांगितला.

एक कोंबडा. आणला एका आजीने, दान म्हणून. पहिली बोली तरुण संघाच्या अध्यक्षाची, पाचशे रुपये. त्याने पैसे भरले आणि कोंबडा परत वेदीपुढे ठेवला. मग तो सातशेला गेला, परत आला. मुंबईहून आलेल्या जावयाने सासऱ्यादेखत हजार म्हटले. त्यालाही कोंबडा लोकलमधून न्यायचा नव्हता. शेवटी आजीनेच तो दोनशेला सोडवला, कारण तिचा त्याच्यावर जीव होता, आणि घराकडे निघता निघता पाळकबाईंच्या हातात दिला.

मुलगा बराच वेळ टाइप करत होता. "सर, हे रिफंड आहे का?"

"नाही. पैसे चर्चचेच."

"मग चार कोंबडे?"

"एकच."

"सर, साठ्यात वजा तीन दाखवतंय."

काका इतके खूश झाले की त्यांनी आपणहून विचारले, वर्षाचे किती पडतील? आकडा ऐकून त्यांना परत दावीद आठवला. मरी थांबावी म्हणून त्याने वेदीसाठी यबूसी माणसाचे खळे विकत घेतले. एका पुस्तकात 50 शेकेल चांदी दिली, दुसऱ्यात 600 शेकेल सोने. "दोन्ही पावत्या असत्या तर ऑडिटरने काय म्हटलं असतं?" पाळकसाहेब म्हणाले, एक भाव खळ्या-बैलांचा आणि दुसरा सगळ्या जागेचा असेल. काका म्हणाले, बिल्डरही असंच सांगतात.

शेवटी निवड झाली ती शेऱ्याच्या चौकटीवर. आमच्या वहीचा जीव शेऱ्याच्या रकान्यात आहे. 'पुण्यास गेले, नाताळास येतात.' 'वर्गणी सासूबाई भरतात, सुनेस कळू नये.' 'गायनमंडळात नाहीत, तरी गातात.' बहुतेक सॉफ्टवेअरांत शेऱ्याला एक ओळ, तीही तुटपुंजी. एकात मात्र पानभर जागा मिळाली. थकबाकीचा लाल रंग बंद करायचे बटणही त्यातच होते, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. पहिली नोंद काकांनी माझ्या शेजारी बसून सांगितली, मी टाकली: 'कोंबडा, नग एक. जमा रुपये 2,400. शिल्लक नाही. अधिक माहितीसाठी पाळकबाईंना विचारावे, पण जेवणाच्या वेळी नव्हे.'