बॉनेटखाली काय शिजतंय?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हल्ली जे चाललंय ना, ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही. म्हणून जरा जवळ सरका.

रात्री दहानंतर खांबावरच्या प्लगमधून एक काळी वायर निघते आणि गुपचूप एका बॉनेटखाली शिरते. हिरवा दिवा पहाटेपर्यंत जागा! बॉनेट कोणाचं? कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जन्मलेल्या १९७०च्या फियाटचं. चाळिशीनंतर काकूंनी व्हिटॅमिनच्या गोळ्या मागितल्या तेव्हा ‘ऊन खा’ म्हणणाऱ्या काकांनी गाडीला मात्र सलाईन लावलंय!

आणि वीज कोणाची? कॉमन मीटरची! मीटिंगमध्ये केवढा गहजब झाला. शेवटी कोणीतरी हिशेब मांडला: चार्जर पाच वॅट ओढतो असं धरलं, तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. चाळीसेक रुपये. यापेक्षा मीटिंगच्या चहालाच जास्त गेले. पण विषय चांगला होता, लवकर मिटवून चालणार होतं का?

खरे गुन्हेगार तर दुसरेच. ‘रविवारवाले’! सकाळी सेल्फ मारायचा, गाडी दहा मिनिटं जागेवरच घुरघुरू द्यायची, सगळ्या इमारतीला पेट्रोलच्या धुराची आंघोळ घालायची आणि ‘झाली बॅटरी चार्ज’ म्हणत पोहे खायला वर. अहो, कसली चार्ज? सेल्फ एका दमात शंभरेक अँपिअर खेचून घेतो. जुन्या फियाटमध्ये डायनॅमो, तो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेच तर ओरडून सांगत असतो! म्हणजे दर रविवारी बॅटरीतून काढायचं भरपूर आणि भरायचं नावाला. दोन-तीन महिने हा सोहळा चालला की एक दिवस नुसतं ‘टक्’. मग वॉचमन, दूधवाला आणि जिममधली दोन पोरं, सगळे धक्का स्टार्टला.

चार्जरवाल्यांचं वेड जरा शहाणं आहे, हे मान्य करावंच लागतं. शिशाची बॅटरी नुसती उभी असली तरी हळूहळू उतरते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर भराभर. पूर्ण भरलेली १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते. १२.४च्या खाली बरेच दिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग तो काही केल्या सुटत नाही. नवे चार्जर बॅटरी भरली की साडेतेराच्या आसपास स्वतःच थबकतात. जुने ट्रिकल चार्जर थबकत नाहीत. महिनाभर लावून विसरलात तर बॅटरीतलं पाणीच उडवतात. आणि मागाहून बसवलेली म्युझिक सिस्टीम रात्रंदिवस थेंब थेंब वीज पितेच, त्यासाठी निगेटिव्हला कट-ऑफ स्विच. हे सगळं ठीक, पण मंडळींनी लाजही सोडलीय! ग्रुपवर सुप्रभातच्या जागी व्होल्टमीटरचे फोटो. ‘आमची १२.७!’ नातवाचे मार्कही कोणी एवढ्या थाटात सांगत नाही.

आता कळस ऐका. ‘काका, एवढी टुमटुमीत बॅटरी आहे, तर गाडी चालवत का नाही?’ असं विचारलं की कायदा पुढे करतात. आहे खरा कायदा! २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात आणि मग रोजच्या कामाला ती बाहेर काढायची नाही. परवानगी रॅलीला, प्रदर्शनाला, देखभालीला आणि पेट्रोल भरायला.

पेट्रोल भरायला! हे कलम वाचल्यापासून काकांच्या चेहऱ्यावरचे भाव बदललेत म्हणे. पंप कितव्या किलोमीटरवरचा हवा, याबद्दल नियम गप्प आहे. परवा काकूंनीच सांगितलं, ‘ह्यांना आपल्या चौकातलं पेट्रोल अचानक आवडेनासं झालंय. लोणावळ्याचं चांगलं असतं म्हणतात.’