दैव, भाऊबंद आणि एक खून : धाराशिवी रहस्यकादंबरी लिहिण्याची रीत

विनोदी रहस्यकादंबरी लिहू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम सातबारा काढावा. प्रेत, पिस्तूल, पावसाळी रात्र हे सामान पुढे केव्हाही जमवता येतं. पण वाटणी न झालेली जमीन नसेल, तर धाराशिव जिल्ह्यात कोणी कोणाचा जीव कशाला घेईल हे वाचकाला पटवणं जड जातं. अडीच एकर पुरे. जास्त घेतलीत तर ती कौटुंबिक कादंबरी होते आणि तीन खंड लागतात.

भाऊ किमान तीन असावेत : एक गावात, एक पुण्यात आणि एक अबोला धरलेला. जुळ्या भावांची जुनी युक्ती मात्र टाळा. या मुलखात जुळी होण्यासाठी उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध आहे आणि तिच्या करडांबद्दल मालकाला कधी शंका येत नाही. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं तेच राहिलं. मृत्युपत्रात एक नाव आणि फेरफारात दुसरं, एवढ्या घोळावर दोन प्रकरणं सहज निघतात. त्याहून जुना पुरावा हवा असेल तर निजामकाळातलं जमिनीचं पत्रक आणा. ते आजीच्या ट्रंकेत सापडावं, उर्दूत असावं आणि वाचून देणारा नेमका लग्नाला गेलेला असावा.

आता दैव. इथे बहुतेक लेखक ज्योतिषी बसवतात. गरज नाही. तुळजापूरच्या भवानीमंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर हात ठेवायचे. दगड उजवीकडे वळला तर हो, डावीकडे वळला तर नाही, जागचा हललाच नाही तर काम होईल, पण उशिरा. शिवाजी महाराजही मोहिमेआधी इथे कौल घेत, असं सांगतात. पहिली दोन उत्तरं कादंबरीकाराच्या कामाची नाहीत; त्यांनी गोष्ट विसाव्या पानावर आटोपते. तिसरं उत्तर सोन्यासारखं. रहस्यकथेचा सगळा प्रपंच उशिरावरच तर चालतो. (तहसीलचाही चालतो, पण त्याला कोणी साहित्य म्हणत नाही.) नायकाने हात ठेवावेत, मनात विचारावं, ‘आबांच्या दुधात चुलत्यानंच काही घातलं का?’ दगड ढिम्म. आणि मागून रांगेतल्या म्हातारीने म्हणावं, “उरक की रं बाबा, मला बी सुनंचं इचारायचंय.”

थरारक कादंबरीचा हा प्रयोग या मातीत आधी एका साहेबाने करून पाहिला आहे. ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ मध्ये लिहून गाजलेला फिलिप मेडोज टेलर १८५०च्या दशकात नळदुर्गला डेप्युटी कमिशनर होता. त्याची ‘तारा’ १८६३ मध्ये आली : तुळजापूरच्या शास्त्र्याची विधवा मुलगी, अफजलखानाचा मुलगा आणि दोघांच्या मध्ये सगळा इतिहास. थरार भरपूर, हसू कमी. पण दैवावरचा त्याचा खरा प्रसंग कादंबरीत नाही, आत्मचरित्रात आहे. सुरपूरच्या तरुण राजाला चोविसाव्या वर्षी मरण आहे, असं पत्रिका सांगत होती. १८५८च्या बंडानंतर त्याला देहदंड ठरला आणि तो उतरत उतरत चार वर्षांच्या कैदेवर आला. पत्रिका हरली म्हणेपर्यंत, कैदेकडे नेताना वाटेतल्या मुक्कामावर त्याच्या हाती अधिकाऱ्याचं पिस्तूल लागलं, गोळी सुटली आणि राजा गेला. असा शेवट तुम्ही रचून पाठवलात तर संपादक ‘योगायोग फार’ असा शेरा मारून परत करील. म्हणून माझा सल्ला, दैवाला शेवटच्या प्रकरणापर्यंत हात लावू देऊ नका. त्याला प्रमाणाची जाण नसते.

पाठलाग नळदुर्गच्या किल्ल्यातच हवा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा. वरून नर-मादी धबधबे कोसळत असताना आत लपलेल्या खलनायकाला बोलताही येत नाही, ऐकूही येत नाही. लेखकाचे संवाद वाचतात. मात्र पाऊस पाहूनच तारीख ठरवा. मे महिन्यात त्याला धबधब्यावरून ढकलायला गेलात, तर तो कोरड्या दगडावर बसून तुमच्या नायकाला तंबाखू मागेल.

तिथी सांभाळणंही महत्त्वाचं. तुळजाभवानी वर्षातून तीनदा निद्रेला जाते : भाद्रपदात घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. बांध कोरणं, खांब हलवणं, अंगठे उठवणं ही कामं चुलत्यांकडून याच दिवसांत उरकून घ्या. एरवी नवस, गोंधळ आणि कुलाचार यांत घरातलं कोणी ना कोणी जागंच असतं.

पुस्तक छापताना अर्पणपत्रिका जपून लिहा. चुलत्यांच्या नावामागे ‘कै.’ लावण्याची घाई नको. ते ठणठणीत आहेत आणि पुढची तारीख त्यांच्याच वकिलाने मागून घेतली आहे.