राव अजून बघताहेत

तंजावरच्या मराठी घरांत पुरुषाच्या नावाला ‘राव’ जोडायची रीत अजून टिकून आहे, त्यामुळे गावात रावांना तोटा नाही. काही राव बँकेत असतात, काही शिकवतात, काही तिरुमलैसमुद्रमच्या शास्त्रा विद्यापीठातून इंजिनिअर होऊन चेन्नई-बेंगळुरूला जातात आणि पोंगलला घरी येतात. या सगळ्यांत विखुरलेली एक पोटजात आहे, ती म्हणजे सिम-रेसर राव. संगणकावर मोटारी पळवायच्या, पण पोरखेळासारख्या नव्हेत. टायर तापला की पकड बदलली पाहिजे, पेट्रोल संपत आलं की गाडी हलकी झाली पाहिजे आणि ब्रेक एक केसभर जास्त दाबला की गाडी थेट गवतात गेली पाहिजे. या छंदाला तमिळनाडूची माती पोषक आहे. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नरेन कार्तिकेयन (2005) कोइमतूरचे. करी मोटर स्पीडवे कोइमतूरजवळ, दुसरा मोठा ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला. तंजावरात मात्र शर्यतीचा सर्वांत जवळचा अनुभव म्हणजे कुंभकोणमची खासगी बस. तेव्हा रावांनी संगणकाकडे वळावं हे रास्तच. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरांत कुठे ब्रेक मारायचा आणि कुठे नुसता पाय उचलायचा, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्यांच्याकडे नाही तो फक्त संगणक. तो बघणं चालू आहे.

हे ‘बघणं’ म्हणजे मुलगी बघण्याच्या जुन्या कार्यक्रमाहून कडक प्रकरण असतं. प्रोसेसरची पिढी, ग्राफिक्स कार्डची मेमरी, मदरबोर्डचं घराणं, एसएमपीएसचे वॅट, सगळ्यांच्या पत्रिका एका एक्सेल फाइलीत मांडलेल्या असतात आणि दर वेळी कुठेतरी मंगळ निघतोच. दिवाळीच्या सेलमध्ये घ्यावं, तर जानेवारीत नवी कार्डं येणार असतात. जानेवारीत ती येतात, तेव्हा जुनी उतरण्याची वाट पाहणं शहाणपणाचं ठरतं. ती उतरतात तोवर मेमरीचे भाव चढतात. वर्षातून एकदा राव चेन्नईच्या रिची स्ट्रीटला जातात, गल्लीतल्या दुकानदारांना त्यांच्याच मालाबद्दल चार नव्या गोष्टी सांगतात आणि एचडीएमआयची वायर घेऊन परततात. तंजावरची ती बुडाला जड असलेली बाहुली कितीही ढकलली तरी डोलून पुन्हा जागेवर उभी राहते; रावांना कुणीही कुठल्याही निर्णयाकडे ढकलावं, घटकाभर झुकतात आणि पुन्हा एक्सेलवर येऊन थांबतात. दरम्यान घरात टेबल कुठे ठेवायचं, वायर कुठून न्यायची आणि अप्पांची आरामखुर्ची कोणी हलवायची, यावर कडाक्याचं भांडण होऊन गेलेलं असतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण मराठी मुलखापासून इतक्या दूरही शाबूत आहे, याचा हा पुरावा.

लोक म्हणतात, राव चिकट आहेत. काही म्हणतात, त्यांना समजत नाही. दोन्ही आरोप खोटे आहेत. पैसे बाजूला काढलेले असतात, आणि समज तर गरजेहून जास्त असते. खरी अडचण निराळी आहे. सिम-रेसिंगला लागणारा संगणक फारच साधा असतो, हे रावांना मनातून ठाऊक आहे आणि तेच त्यांना नको आहे. संगणक नसलेला रेसर हा अजून एकही शर्यत न हरलेला रेसर असतो. महागडं यंत्र परवडत नाही तोवर आपल्या वेगाचा प्रश्न हा पैशांचा प्रश्न राहतो. स्वस्त यंत्र पुरतं असं एकदा सिद्ध झालं, की तो पायाचा प्रश्न होतो.

पुरावाच पाहू. अशा खेळात संगणकाला दोन कामं असतात. पहिलं काम हिशेबाचं. टायर, स्प्रिंग, वारा यांची गणितं करायची आणि स्टिअरिंगला किती हिसका द्यायचा ते ठरवायचं. ‘आयरेसिंग’ हा खेळ हे गणित सेकंदाला 360 वेळा करतो. हे काम प्रोसेसरचं, आणि त्यातही एकेका कोअरच्या चपळाईचं. डझनभर कोअर हाताशी असले तरी त्यांतले बरेचसे बसूनच असतात. दुसरं काम चित्राचं, ते ग्राफिक्स कार्डचं. इथे रावांची भूक जागी होते. त्यांना कडेच्या प्रेक्षकाच्या शर्टाचं बटण दिसलं पाहिजे, ओल्या रस्त्यात ढगाचं प्रतिबिंब हललं पाहिजे. पण ताशी 200 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर कापते. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं येत असतील तर दोन चित्रांमध्ये गाडी साधारण 93 सेंटिमीटर पुढे सरकते. वळणाच्या तोंडाशी, सगळा घोळका एकत्र आलेला असताना, हा आकडा क्षणभर 30 वर घसरला तर तेच अंतर एक मीटर 85 सेंटिमीटर होतं आणि ब्रेकची खूण दोन चित्रांच्या फटीत निघून जाते. म्हणून 110 आणि 45 यांच्यामध्ये हेलकावे खाणाऱ्या झगमगीत यंत्रापेक्षा 60 वर ठाम राहणारं गरीब यंत्र बरं. सावल्या कमी कराव्यात, आरशांतलं चित्र हलकं करावं, प्रेक्षकांना घरी पाठवावं. हेल्मेट घातलेला ड्रायव्हर झाडांची पानं मोजत नसतो.

इतिहासही रावांच्या विरुद्ध आहे. 1967 च्या मोसमातल्या गाड्या हुबेहूब चालवायला देणारा ‘ग्रां प्री लेजंड्स’ 1998 साली आला, आणि तो ज्या संगणकांवर चालला त्यांची ताकद आजच्या स्वस्तातल्या मोबाइलपुढेही नगण्य होती. तरी आपण गाडी भिंतीवर का घातली, हे त्या खेळाने माणसाला नीट समजावलं. इटलीच्या कुनोसने 2014 मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला ‘असेटो कोर्सा’ आजही जगभर खेळला जातो. त्याची किमान अट होती कोअर टू ड्युओ आणि 2 जीबी मेमरी, म्हणजे सरकारी कचेरीतूनही निवृत्त झालेला संगणक. याहून मोठा दाखला कार्डिफच्या यान मार्डनबरोचा. त्याने 2011 मध्ये प्लेस्टेशन 3 वरच्या ‘ग्रॅन तुरिस्मो’ खेळाची जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकली आणि 2013 मध्ये ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसऱ्या क्रमांकाच्या चमूत तो होता. ज्या यंत्रावर तो घडला त्यात 256 एमबी मुख्य मेमरी आणि तेवढीच चित्रांसाठी होती. रावांच्या एक्सेल फाइलीत 32 जीबीच्या खालचा रकानाच नाही. मार्डनबरोवरचा सिनेमा राव मनापासून पाहतात आणि पाहून झाल्यावर मेमरीचे भाव तपासतात.

मग घ्यायचं काय? बजेट पन्नास हजारांचं धरलं, तर संगणकाने त्यातल्या निम्म्याच्या वर हात घालू नये. आयटी कंपन्यांनी बदललेले ऑफिसातले संगणक चेन्नई-बेंगळुरूच्या बाजारात ढिगाने येतात. त्यांतला इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा आय-फाइव्ह निवडावा, कारण विंडोज 11 त्याखाली अधिकृतपणे जात नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. पेटी पुस्तकासारखी चपटी नको, उभी टॉवर हवी. या कंपनी-पेट्यांतला एसएमपीएस बेताचा असतो आणि वेगळी वायर मागणारं कार्ड त्याला पेलेलच असं नाही. म्हणून मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या 75 वॅटमध्ये भागवणारं, जीटीएक्स 1650 सारखं कार्ड सोयीचं. बाहेरून वीज न मागणारी त्याची आवृत्ती बघून घ्यावी. सोळा जीबी मेमरी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, आणि जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी. याने ‘असेटो कोर्सा’ आरामात पळतो. त्याचा 2019 चा भाऊ ‘कॉम्पेटिझिओने’ खादाड आहे, त्याला चित्रं साधी करून वाढावं लागतं. उरलेले पैसे स्टिअरिंगला आणि त्याहून आधी ब्रेकला. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. लोडसेलचं पेडल पायाने किती जोर दिला ते मोजतं. माणसाचा पाय अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात ठेवतो, म्हणून लॅपचे सेकंद इथे कमी होतात. प्रोसेसर बदलून कमी होतात ते बहुतकरून खिशातले रुपये. शिवाय अग्निनक्षत्राच्या दिवसांत, मे महिन्यात, तंजावरच्या बंद खोलीत चारशे वॅट जाळणारी पेटी ठेवणं म्हणजे पैसे देऊन दुसरा सूर्य घरात आणणं. कमी वीज खाणारं यंत्र लहान यूपीएसवरही तगून राहतं.

रावांकडे हरकती तयार असतात, आणि त्या पोकळ नाहीत. पहिली हरकत अशी की आज स्वस्त घेतलं तर दोन वर्षांनी पुन्हा खर्च. पण आजची गरज भागवून उरलेले पैसे दोन वर्षं बँकेत राहिले तर तोवर आजचं महाग कार्ड सेकंडहँड बाजारात उतरलेलं असतं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद पडलं तेव्हा त्यात राबलेल्या कार्डांचा ढीगच बाजारात आला होता. भविष्यासाठी आजच पैसे मोजणारा माणूस भविष्याला फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत आगाऊ देत असतो. दुसरी हरकत तीन पडद्यांची. शेजारची गाडी दिसायला तीन पडदे हवेत हे खरं, पण त्याबरोबर कार्डाचं कामही तिप्पट होतं: 20 लाखांऐवजी 62 लाख ठिपके. एकच पडदा स्टिअरिंगच्या अगदी मागे, जवळ ओढला की दृष्टीचा कोन पुष्कळ सुधारतो आणि या सुधारणेला पावती लागत नाही. तिसरी हरकत घरची: 2011 पासून तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले, तसला एक कपाटात आहे, तो का नको? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, पण तिला शर्यतीतही जुंपू नये. तो अभ्यासाचा होता, त्याने तो करून दिला. चौथी हरकत सर्वांत वजनदार: सरळ प्लेस्टेशन का घेऊ नये? ज्याला फक्त ‘ग्रॅन तुरिस्मो’ खेळायचं आहे त्याने जरूर घ्यावं, त्याचा प्रश्न दुकानातच सुटतो. मात्र आयरेसिंग तिथे नाही, चाहत्यांनी बनवलेले फुकट ट्रॅक नाहीत आणि त्याच यंत्रावर ऑफिसचं काम होत नाही. रावांना हा पर्याय अर्थात वेगळ्याच कारणाने नकोसा असतो. त्यात निवडायला काही उरतच नाही.

शेवटची हरकत तंजावरची खास आहे. यंत्रांचा शौक ही इथली परंपराच नव्हे का? तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी 1799 च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, नेमणूक घेतली आणि उरलेला जन्म पुस्तकं, उपकरणं, छापखाना यांत घातला. राज्य नसलेल्या राजाने यंत्रं जमवावीत आणि मोटार नसलेल्या रेसरने त्यांच्या याद्या जमवाव्यात, यात राव आपलं कूळ शोधतात. बिशप हेबर 1826 मध्ये इथे आला तेव्हा ग्रंथालयात त्याला हवेचा पंप, विजेचं यंत्र आणि हस्तिदंती सांगाडा दिसला. राजाला घोड्याची उत्तम पारख आहे, असंही त्याने नोंदवलं. पण इथेच रावांचा मुद्दा उलटतो. सरफोजींच्या धन्वंतरी महाल या आरोग्यशाळेतल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. उपकरण जहाजाने महिनोन्‌महिने वाट पाहायला लावून येई, आणि आलं की कामाला लागे. त्याहून सरस उपकरण पुढच्या जहाजात असेल, या विचाराने कुणाचा मोतीबिंदू थांबवून ठेवलेला नव्हता. घोड्याची पारखही पाठीवर बसूनच कळते, दात मोजणं हे त्याआधीचं.

तेव्हा रावांनी येत्या रविवारी ती जुनी टॉवर पेटी घ्यावी हे उत्तम. पहिले काही दिवस ते प्रत्येक वळणावर बाहेर जातील, शेवटच्या क्रमांकावर येतील, आणि सवयीने दोष प्रोसेसरला देतील. तो ऐकून घ्यावा, मानू नये. मग त्यांच्या लक्षात येईल की जोराने ब्रेक दाबला की पेडलं गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे पळते. बहुतेक ठिकाणी सेकंद गळतात ते इथे, आणि यावरचा उपाय कुठल्याच एक्सेलमध्ये नाही: पेडलं भिंतीला टेकवायची आणि स्वयंपाकघरातली बिनचाकांची लाकडी खुर्ची आणायची. आता राव भिंतींची तुलना करायला बसले, तर मात्र त्यांच्यापुढे कुणाचंच चालणार नाही.