थेट नाशिकलाच थांबणाऱ्या चालक महोदयांस

राजमान्य राजेश्री चालक महोदय, कुटुंबप्रमुख तथा गाडीच्या किल्लीचे एकमेव धारक, मुक्काम शिरपूर, यांसी सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आपली कीर्ती करवंद नाक्यापासून तापीच्या पुलापर्यंत सर्वज्ञात आहे. शिरपूर ते नाशिक सुमारे दोनशे दहा किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता साडेतीन तासांत, हा विक्रम आपण दर दिवाळीत आणि दर मे महिन्यात करता आणि पुढच्या सुट्टीपर्यंत सांगत राहता. सत्ता अशी एकहाती असण्यामागे भूगोलही आहे. शिरपूरला अजून रेल्वे नाही. मनमाड–इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटींवर खर्च, सारे कागदावर झाले, पण फलाटावर उभे राहून शिट्टी ऐकायला अवकाश आहे. तोवर नाशिकचे मामा, पुण्याची आत्या आणि इंदूरचे लग्न हे सगळे रस्त्यानेच, म्हणजे आपल्याच कृपेने. म्हणून पोरांच्या खाऊविषयीचे हे पत्र आपल्या नावे आहे. पत्ता चुकला असे आपल्याला वाटेल, कारण खाऊचे खाते आपल्याकडे नाही. पिशवी भरणारे हात दुसरे असतात. पण त्या पिशवीत काय भरायचे हे ओट्यावर ठरत नाही, आपल्या ब्रेकवर ठरते.

कसे ते पाहा. थांबायचे नाही असा हुकूम सुटला की थांब्याची सगळी कामे खाऊच्या गळ्यात पडतात. तीन वर्षांच्या पोराला दीड तासाने भूक लागलेली असतेच असे नाही. त्याला पाय मोकळे करायचे असतात, कंटाळा आलेला असतो, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असते. यातल्या कशावरही गाडीत इलाज नाही, म्हणून मागे काहीतरी सरकवले जाते. आधी खारी वेफर्स, मग क्रीमची बिस्किटे, मग चॉकलेट, मग पुन्हा वेफर्स. याला खाऊ म्हणणे औदार्याचे आहे. ही शांततेसाठी दिलेली लाच आहे आणि लाच घेणारा दर पंधरा मिनिटांनी भाव वाढवतो. मिठाने तहान लागते, तहानेने पाणी, पाण्याने शू. मग सोनगीरच्या पुढे, जिथे सावली नाही आणि कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात, तिथे आपल्याला गाडी कडेला घ्यावीच लागते. थांबा टाळण्यासाठी दिलेल्या पाकिटानेच थांबा आणला आणि तोही सबंध महामार्गावरच्या सर्वांत वाईट जागी. गाडी इंदूरकडे निघाली असेल तर पुढचा अंक बिजासन घाटात होतो. पोराची नजर मोबाइलवर स्थिर, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र प्रत्येक वळणाची खबर मेंदूला देते आहे. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून मळमळ होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वाधिक होतो, आणि पोटात तेलकट-गोड भरलेले असेल तर आणखी. पळासनेर सोडल्यावर चॉकलेट देणाऱ्याने जुना टॉवेल हाताशी ठेवावा.

इथवर विषय गैरसोयीचा होता. पुढचा भाग थट्टेचा नाही, म्हणून थोडा वेळ आपली बिरुदे बाजूला ठेवतो. आपल्या खान्देशात प्रवासाचा खाऊ म्हणजे शेंगदाणे, फुटाणे, मुरमुऱ्यांचा भत्ता. मोठ्यांसाठी उत्तमच. पण अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या हे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि श्वासनलिका अरुंद असते. पिंपळगाव बसवंतला रस्त्याकाठी घेतलेली द्राक्षेही त्याच यादीत येतात. ती उभी चिरून चार फोडी केल्याशिवाय लहानग्याच्या हातात देऊ नयेत. घरी मूल ताटासमोर बसलेले असते, कोणीतरी समोर असते. धावत्या गाडीत ते मान मागे टाकून हसत-रडत खाते, गाडी दचके खाते, आणि घास अडकलेले मूल बहुधा ओरडत नाही, गप्प होते. पुढे बसलेल्याला ही शांतता सुखाचीच वाटते. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर चालकाला एक हजार रुपये दंड आहे. चालकाला, पिशवीवाल्या माउलीला नव्हे. आणि मुलाचा पट्टा सुटतो कधी? बहुतेक वेळा काहीतरी भरवताना, डबा पुढे-मागे करताना, ‘ये, मांडीवर बसून खा’ म्हणताना.

आपला पहिला आक्षेप ठाऊक आहे: थांबलो तर वेळ जातो. तर हिशेब मांडू. दोनशे दहा किलोमीटर ताशी ८० ने गेल्यास दोन तास सदतीस मिनिटे लागतात आणि ताशी १०० ने, म्हणजे चौपदरी रस्त्यावर मोटारीला केंद्राने घालून दिलेल्या कमाल मर्यादेने, दोन तास सहा मिनिटे. वेगाची सगळी मर्दुमकी मिळून कमाई एकतीस मिनिटांची, तीही टोलनाके, मालेगावची गर्दी आणि राहुड घाटातले ट्रक हवेत विरले असे धरून. वीस-वीस मिनिटांचे दोन थांबे घेतले तर चाळीस मिनिटे जातात. म्हणजे आपण कागदावर जिंकलात. पण आपल्या विक्रमाच्या हिशेबात कडेला केलेली शू, ओकारीनंतर पुसलेले सीट, बदललेले कपडे आणि ‘पटकन एक पाकीट घेऊन येतो’ म्हणून ढाब्यावर घातलेला वेळ धरलेला नसतो. तो ‘थांबलो नाही’ या सदरात कसा बसतो ते आपणच जाणे. तो धरला की फरक फार तर दहा मिनिटांचा उरतो. त्या दहा मिनिटांत नाशिकला आपली वाट पाहत गोदावरी थांबलेली नसते.

दुसरा आक्षेप भावनिक असतो: आमच्या लहानपणी आम्ही वाट्टेल ते खाल्ले, काही झाले नाही. जरूर खाल्लेत. पण कशात बसून? बहुतेक वेळा एसटीत. आणि ती लाल गाडी धुळ्याला थांबे, मालेगावला थांबे, चालक-वाहक चहाला उतरत, आणि तेवढ्यात फडक्यात बांधलेली दशमी सुटे. शिदोरी होती, कारण थांबे होते. त्याही मागे जायचे तर आपल्या तालुक्यातले थाळनेर घ्या. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निये वाटेतल्या मुक्कामांची यादी देतो, तीत नंदुरबार आहे, थाळनेर आहे, चोपडा आहे. प्रवास मुक्कामांनी मोजला जाई आणि दोन मुक्कामांमधले अंतर बैलांच्या दमावर ठरे. बैलांना जी सवलत होती ती आपल्या मागच्या सीटवर बसलेल्यांना नाही, एवढेच या इतिहासातून घ्यावे.

तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे: थांबायचे कुठे? महामार्गावर सावली मिळते तिथे स्वच्छतागृह नसते, आणि जिथे असते तिथे बायकांनी नाक दाबून परत यावे अशी अवस्था असू शकते. पेट्रोल पंपावर पाणी आणि स्वच्छतागृह मोफत मिळायला हवे हे खरे, कुलूप लावलेले असेल तर चावी मागायची असते हेही खरे, आणि ती मागणे हे काम आपण नेहमी दुसऱ्यावर ढकलता हेही तितकेच खरे. पण याच कारणासाठी थांबे आधी ठरवावे लागतात. अडचण आल्यावर शोधलेली जागा कधीच चांगली निघत नाही. नाशिकच्या वाटेवर धुळे ओलांडले की एक बरा पंप आणि पुढे चांदवडला रेणुकामातेचे देऊळ, अगदी रस्त्याला लागून. पायऱ्या आहेत, पोरे चढतील-उतरतील. इंदूरच्या वाटेवर घाट चढल्यावर बिजासनी माता आणि पुढे खलघाटला नर्मदा. निघण्याआधीच पोरांना सांगून टाकावे की खाणे देवळापाशी. चार वर्षांच्या मुलाला ‘अजून एक तास’ कळत नाही, ‘देऊळ आले की’ हे कळते.

एकदा थांबा ठरला की पिशवी आपोआप सुधारते, कारण आता तिला फक्त भूक भागवायची असते. धावत्या गाडीत पाणी, घोट-घोट, बस. थांब्यावर दुधात मळलेली दशमी, सोबत गूळ-तूप, नाहीतर तीळ-दाण्याची बारीक कुटलेली चटणी, तिखट बेताचे. सांजोरी असेल तर एखादी. केळी तर या खोऱ्यात घरचीच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपण मात्र तिचे तळलेले, मीठ मारलेले काप विकत घेऊन गाडीत बसतो, ही गंमत नोंदवून ठेवतो. दहीभात, पनीर, उकडलेले बटाटे असले ओलसर पदार्थ मे महिन्यात घरीच राहू द्या. असले लवकर नासणारे अन्न बाहेर दोन तासांपलीकडे ठेवू नये आणि हवा बत्तीस अंशांवर गेली की एकाच तासात संपवावे असा नियम आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात लावलेली बंद गाडी तर भट्टीच असते. ढाब्यावर जेवायचे झाले तर शेवभाजीचा रस्सा आपण प्यावा, पोरांना पोळी, साधे वरण आणि तिथले ताजे दही मागवावे. ढाबेवाला देतो, विचारावे लागते.

राहिला एक आक्षेप; तो आपला नाही, पिशवीवाल्या पक्षाचा आहे आणि सर्वांत वजनदार आहे. पहाटे चारला उठून या दशम्या करायच्या कोणी? पाकीट निदान कणीक मळायला लावत नाही. घरच्या खाण्याचे गोडवे गाणारे लेख हा प्रश्न बेमालूम गिळतात. माझ्या मते याचे उत्तर दोन तुकड्यांत आहे. दशम्या आदल्या रात्री करता येतात, त्या टिकतात म्हणूनच तर प्रवासाच्या. आणि ज्या घरात तेही जमत नाही तिथे पोळीचा रोल, केळी आणि राजगिऱ्याचा लाडू यांत कसलाही कमीपणा नाही. दुसरा तुकडा आपल्याकडे येतो. गाडीची हवा, डिझेल आणि फास्टॅगचे पैसे बघायला आपण आदल्या दिवशी तासभर काढता. त्यातच केळी आणणे, बाटल्या भरणे, द्राक्षे चिरणे आणि थांब्यांची नावे कागदावर लिहिणे बसते. कागद डॅशबोर्डवर चिकटवावा, म्हणजे वाटेत पुन्हा वाद नको.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मागच्या सीटचा वकील

ता. क. या पत्राचे उत्तर द्यावेसे वाटल्यास गाडी कडेला लावून द्यावे.