कर्ता रजेवर आहे

साठी उलटल्यावर माणसाने काय करावे याविषयी आपल्या समाजात पुष्कळ एकवाक्यता आहे: तीर्थयात्रा करावी, रक्तातील साखर मोजावी आणि जमिनीचा फेरफार मुलांच्या नावे करून देऊन मोकळे व्हावे. या मान्यताप्राप्त यादीत इंग्रजी व्याकरणाचा अंतर्भाव नसल्यामुळे, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन माकणीस परतलेल्या माझ्यासारख्या गृहस्थाने दहावीतल्या नातीचे पुस्तक घेऊन रोज सायंकाळी ओसरीवर क्रियापदांची रूपे घोकण्यास आरंभ केला, तेव्हा गावाने त्याची दखल घेतली नसती तरच नवल. "अण्णा, आता कुठं लंडनला जायचंय व्हय?" असे एकाने विचारले, "पुण्याला लेकाकडं जाऊन आल्यापासून हे सुरू हाय," असे दुसऱ्याने निदान केले. खरे कारण याहून पुष्कळच ऐहिक होते. निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश बँक इंग्रजीत धाडते, आणि तो वाचून घेण्याकरिता कोणाच्या हाती फोन दिला की रक्कम माझ्या आधी साऱ्या घराला कळते. आपल्या मिळकतीची गुप्तता राखावयाची तर परभाषा आत्मसात करण्यावाचून गत्यंतर नाही, या निष्कर्षाप्रत मी आलो.

आरंभ अर्थातच 'रेन आणि मार्टिन'पासून केला. यांपैकी रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात चाकरीस होते, आणि विलायतेत त्यांची ख्याती व्याकरणकार म्हणून नव्हे, तर १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बो जेस्ट' या कादंबरीचे कर्ते म्हणून आहे, हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी नवीनच आदर वाटू लागला. त्या कादंबरीत एका नीलमण्याच्या चोरीपायी तीन भाऊ घर सोडून फ्रान्सच्या परदेशी पलटणीत दाखल होतात व वाळवंटात असह्य हालअपेष्टा सोसतात. तिकडच्या वाचकांसाठी ज्याने तिघांनाच वाळवंटात धाडले, त्याने आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्या कसलीही चोरी केलेली नसताना धाडल्या, एवढाच काय तो भेद.

तथापि व्याकरणातील काही प्रकरणे मराठवाड्याच्या माणसाला उपजतच अवगत असतात, असा माझा अनुभव आहे. 'पाऊस वेळेवर पडला असता तर सोयाबीन हाती लागले असते' या जातीची, म्हणजे भूतकाळात न घडलेल्या गोष्टीवर अवलंबून असलेल्या आणि म्हणूनच स्वतःही न घडलेल्या गोष्टीची वाक्ये इंग्रजी शिकणाऱ्याला फार जड जातात म्हणे. आमच्या पारावर दिवाळीनंतर दुसऱ्या प्रकारचे वाक्य कानी पडत नाही. पूर्वी केव्हातरी आरंभ होऊन अद्याप समाप्त न झालेल्या क्रियेसाठी इंग्रजांनी एक स्वतंत्र काळ राखून ठेवला आहे. तो शिकविताना मास्तर बागेत सकाळपासून खेळणाऱ्या मुलाचे उदाहरण देतात, परंतु ज्याने एखाद्या कालव्याचे काम पाहिले आहे त्याला त्या मुलाची गरज पडत नाही. नदीच्या नावापूर्वी 'द' लावावा, गावाच्या नावापूर्वी लावू नये, हा नियम मात्र मला पक्षपाती वाटतो. उन्हाळ्यात जिच्या पात्रात पाणी तर नाहीच, पण वाळूही शिल्लक राहत नाही, त्या तेरणेला हा मान, आणि बारमाही वसलेल्या माकणीला तो नाही! याच नदीवर आमच्या गावाशी जे धरण आहे त्याला 'लोअर तेरणा' म्हणतात. तर-तम भावाचे प्रकरण वाचल्यापासून, आपण तुलनेत खालचे ठरलो आहोत ही जाणीव मला धरणाच्या भिंतीवरून फिरताना अस्वस्थ करते.

परंतु ज्या प्रकरणात मी नातीलाच काय, तिच्या मास्तरांनाही मागे टाकले, ते प्रकरण प्रयोगाचे. कर्तरी वाक्याचे कर्मणी करताना कर्ता शेवटी न्यावा, आणि त्याची आवश्यकता नसल्यास तो गाळावा, असा नियम आहे. हा नियम वाचून माझे डोळे पाणावले. कारण संपूर्ण सेवाकाळ मी दुसरे काही केलेच नव्हते. 'पंचनामे करण्यात आले आहेत', 'प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे सादर करण्यात आले आहे', 'उचित कार्यवाही करण्यात येत आहे', अशा शेकडो वाक्यांतून मी कर्त्याला इतक्या सफाईने वगळले आहे की चौकशी अधिकाऱ्यांनाही तो सापडला नाही. नातीने पहिल्याच दिवशी माझे वाक्य तपासून विचारले, "आजोबा, यातला कर्ता कुठं गेला?" मी सवयीने उत्तरलो, "कर्ता रजेवर आहे." तिने पूर्ण गुण दिले.

शब्दसंग्रहाची कथा निराळी आहे. रोज नवीन शब्द पाठ करावेत या उपदेशानुसार मी एक पुस्तक आणविले. त्यात 'प्रसन्नवदन', 'उपरोधपूर्ण', 'मितभाषी' या अर्थांचे शब्द पुष्कळ होते, पण ज्यांच्याविषयी ते वापरावेत अशी माणसे पंचक्रोशीत आढळेनात. उलट, आमच्या मुलखाने जे इंग्रजी शब्द कमावले ते कोणत्याही पुस्तकावाचून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत ज्यांनी कधी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता अशा म्हाताऱ्यासुद्धा 'रिश्टर' आणि 'रिट्रोफिटिंग' हे शब्द अचूक जागी योजू लागल्या. बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, घराला ए, बी, सी अशी श्रेणी मिळू लागली, आणि वर्णमाला केवळ गाण्यासाठी नसून तिच्या एकेका अक्षरावर डोक्यावरचे छप्पर ठरते, हे लोकांना कळले. त्या शब्दांची उजळणी कोणाला करावी लागली नाही. पुढे डीपी, स्टार्टर, लोडशेडिंग आणि केवायसी हेही याच मार्गाने, म्हणजे संकटाच्या हाताला धरून, गावात आले.

वस्तुतः या मुलखाला परभाषा नवी नाही. आमच्याच तेरणेच्या वरच्या अंगाला वसलेले तेर, म्हणजे प्राचीन तगर. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असा उल्लेख 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. भडोचेत यवन व्यापाऱ्यांशी सौदा ठरविणाऱ्यांनी त्यापूर्वी रिकाम्या जागा भरल्या असतील, हे संभवत नाही. पुढे निजामाची अमदानी आली. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन होऊन उच्च शिक्षण उर्दूतून मिळू लागले, इंग्रजीचा विषय मात्र सक्तीचा राहिला, आणि माकणीच्या मुलाला मराठीतून उर्दू व उर्दूतून इंग्रजी असे दोन नाके ओलांडावे लागले. या रिवाजाला पर्याय म्हणून १९२१ साली आमच्याच लोहारा तालुक्यातील हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखा पुरुष तेथे मुख्याध्यापक होता. १९४८ च्या सप्टेंबरात हुकूमत बदलली, फर्मानांची जागा शासननिर्णयांनी घेतली, पुढे राज्य बदलले, आणि २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. दरेक वेळी रयतेपुढे न समजणारा एक कागद ठेवण्यात आला आणि खाली अंगठा कोठे उठवायचा तेवढे दाखविण्यात आले. आकलनाची परीक्षा येथे फार जुनी आहे. निकाल मात्र क्वचितच लागला.

आता शाळेतील आकलनाविषयी. अपठित उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. पहिला उतारा पेंग्विन पक्ष्यांविषयी होता. मी तो न समजता सर्व प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. यात अद्भुत असे काही नाही. प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावा, तो ज्या वाक्यात असेल ते जसेच्या तसे उतरवावे, 'व्हाय' विचारल्यास 'बिकॉज' शोधावा आणि शीर्षक मागितल्यास जो शब्द सर्वांत अधिक वेळा आला असेल तो द्यावा. जाड संचिकेतून विषय, संदर्भ आणि शेवटचा परिच्छेद एवढेच पाहून टिप्पणी लिहिणाऱ्याला ही विद्या शिकवावी लागत नाही. केवळ शेवटच्या प्रश्नाने माझी कोंडी केली: 'तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?' मी लिहिले, 'वरिष्ठांचे मार्गदर्शन घेतले असते.' नातीने दोन गुण कापले. नोकरीत याच उत्तरावर मला बढती मिळाली होती.

हे असेच सुखाने चालले असते. पण एके दिवशी शेजारचा पोरगा औषधाची बाटली घेऊन आला. तुरीवर अळी पडली होती, आतली माहितीपत्रिका हरवली होती, आणि बाटलीवर जे होते ते बारीक इंग्रजीत. "अण्णा, तुम्ही शिकलाव की आता, किती घालायचं ते सांगा." पेंग्विनांची युक्ती येथे चालेना, कारण कोणते वाक्य उचलायचे हे समजल्यावाचून कळत नव्हते. मी चष्मा पुसला, शब्दकोश आणविला आणि अर्धा तास त्या चार ओळींशी झुंजलो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, हे कळले. दिलेले प्रमाण एकरी नसून हेक्टरी आहे, हेही कळले. पोरगा एकराच्या हिशेबाने निघाला होता, म्हणजे अडीचपट औषध फवारणार होता. या उताऱ्याला गुण किती होते कोण जाणे, पण माझ्या अध्ययनात मी खऱ्या अर्थाने वाचलेला तो पहिला उतारा.

सबब पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्या विद्वज्जनांस माझी विनंती आहे की, पेंग्विनांनी पुष्कळ वर्षे सेवा केली, आता त्यांना निवृत्त करावे. त्यांच्या जागी औषधाच्या बाटलीवरील मजकूर, पीकविम्याच्या अटी, मोटारीच्या हमीपत्रातील बारीक टाइप आणि बँकेचा संदेश हे उतारे नेमावेत. आणि माझ्या वयाच्या वाचकांस सांगणे असे की, 'द' कोठे लावावा याची चिंता नातवंडांवर सोपवून घरात पडलेला एखादा इंग्रजी कागद शेवटच्या ओळीपर्यंत समजून घ्यावा. व्याकरणात चुकल्यास फार तर एक गुण जातो. उतारा चुकल्यास पीक जाते.